एका दाबात थांबली पाहिजे

सुखदेव मिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा मी माझ्या ड्रायव्हरवर ओरडत होतो. कशासाठी ते आता आठवत नाही. मला ओरडायला कारण लागतंच असं नाही. पारडी नाक्याजवळच्या माझ्या टिनाच्या ऑफिसात माझा आवाज चढला होता, गजानन ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता, आणि दारात मिस्त्रीचा भाचा मिलिंद सायकलचं हँडल धरून केव्हाचा थांबला होता. माझं संपल्यावर त्यानं सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "काका, मामा गेले. सकाळी सात वाजता." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "असा कसा गेला गा? मले बोलाचं होतं त्याच्याशी." मिलिंदला वाटलं, मी दुःखानं बोलतो आहे. दुःख होतंच… पण त्याहून जास्त चरफड होती. अठरा वर्षं एक गोष्ट सांगायची राहिली होती, दर वेळी पुढच्या खेपेला सांगू म्हणत मी ती ढकलत आलो होतो, आणि आता ऐकणारा माणूसच उठून गेला होता.

त्याला पाच आठवडे झाले. ज्यांनी सुखदेव मिस्त्रीला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंडारा रोडवर, रस्त्याला लागून त्याची शेड होती. राहायला इंदोऱ्यात. छप्पन साली वडिलांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तो विशीत होता, आणि त्याच वर्षी त्यानं कुठल्याशा गॅरेजात पाना हातात घेतला. पुढे स्वतःची शेड टाकली तेव्हा त्यानं ठरवलं की आपण ट्रकच्या ब्रेकशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. इंजिनाचं काम घेऊन कोणी आलं की सरळ पुढच्या शेडकडे बोट दाखवायचा. "गाडी चालवनारे लय हाये, मी थांबवतो," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. अंगानं किरकोळ, आवाज हळू, आणि कामाची गती अशी की पाहणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. प्रत्येक नट कपड्यानं पुसून, फुंकर मारून, मग लावणार. जुना काढलेला एकही नग गाडी शेडमधून बाहेर पडेपर्यंत फेकणार नाही. गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवणार.

आणि त्याची एक रीत होती, जिच्यासाठी तो त्या रस्त्यावर ओळखला जायचा. शेडच्या मागे मोकळी जागा होती. तिथे एक विजेचा खांब, आणि खांबापासून वीसेक पावलांवर जमिनीवर चुन्याची आडवी रेघ. ब्रेकचं काम झालं की मिस्त्री मालकाला किंवा ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवायचा, पेडल दाबायला लावायचा आणि विचारायचा, "कडक हाय का?" समोरचा "कडक" म्हणाला की मिस्त्री हात पुसत जाऊन त्या रेघेच्या पलीकडे, रेघेला पायाचे अंगठे लावून उभा राहायचा. तोंड गाडीकडे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये यायची, खांबापाशी ब्रेकवर पाय ठेवायचा, आणि रेघेच्या आत ती थांबली पाहिजे. एका दाबात. पहिल्यांदा पाहणारे घाबरायचे. मीही घाबरलो होतो. मी विचारलं, "अरे मिस्त्री, एखाद्याचा ब्रेक नाई लागला तं?" तर म्हणाला, "काहून नाई लागन? त्यानं पाय ठेवून पाह्यला ना. थोच म्हनला कडक हाय." एवढंच. माणूस म्हणाला की झालं.

"अरे मिस्त्री" मी म्हणायचो, हेही लिहून टाकतो. तो माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा होता. पण गाडी माझी आणि काम त्याचं, म्हणून मी अरेतुरे करायचो. बाकीचे मालकही करायचे, हे काही उत्तर नव्हे.

मी तांडापेठेतला, विणकराच्या घरचा. घरात हातमाग होता आणि माझ्या हाताला मागावर बसायचा धीर नव्हता. धागा तुटला की बाबा शांतपणे गाठ मारायचे, मी माग लाथाडून उठायचो. शेवटी बाबांनीच म्हटलं, तुझं हे काम नाही. साठचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी एक जुना, लांब नाकाचा ट्रक घेतला. कुहीकडून तांदूळ आणायचा, कळमेश्वरकडे काही न्यायचं, असं चाललं होतं. त्या वर्षी रामटेकच्या पौर्णिमेच्या जत्रेला आमच्या गल्लीला मी माझ्या ट्रकमधून नेणार असं आईनं परस्पर जाहीर करून टाकलं. पस्तीस-चाळीस माणसं. बहुतेक बायका आणि म्हातारे. आईची तर छाती फुगली होती. जिचा मुलगा मागावर टिकला नाही म्हणून सगळ्या गल्लीनं तोंडं वाकडी केली होती, तिच्या मुलाच्या गाडीत आता सगळी गल्ली बसणार होती. आणि जत्रेला पाच दिवस उरले असताना माझ्या गाडीच्या चाकांतून ब्रेकचं तेल गळायला लागलं.

मिस्त्रीनं चारही चाकं उघडली. ब्रेकच्या लायनिंग झिजल्या होत्या, चाकांतल्या सिलिंडरची रबरं फुगून गेली होती. त्यानं यादी दिली, मी नवं सामान आणलं. पहिल्या दिवशी तीन चाकं झाली. समोरचं डावं चाक राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुहीहून निरोप आला, मिस्त्रीचा चुलता वारला होता. जाताना मला म्हणाला, "वसंता, त्या चाकाले हात लावू नको. मी उद्या सकाळी येतो, मंग बसवू." मी हो म्हटलं. पण बसून राहणं मला जमत नाही. तीन चाकं त्याच्या शेजारी उकिडवा बसून मी पाहिली होती. दोन पिस्टन, दोन रबरी कप, मधे एक बोटभर स्प्रिंग, यात काय एवढं? दुपारी मी गोणपाट अंथरलं आणि चौथं चाक स्वतः बसवून टाकलं. मनात म्हटलं, हा माणूस ज्याला दिवसभर लावतो ते मी दीड तासात केलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, बसवलेलं चाक पाहिलं. रागावला नाही. फक्त विचारलं, "सारं टाकलं ना गा? कप, पिस्टन, स्प्रिंग?" मी म्हणालो, "सारं टाकलं. एकेक नग पाहून." तो म्हणाला, "मंग झालं." आणि त्यानं त्या चाकाचा विषय संपवला.

मग सुरू झालं हवा काढणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की ब्रेकच्या नळ्यांमध्ये नुसतं तेल असावं लागतं. हवा राहिली तर पाय ठेवल्यावर पेडल मऊ लागतं, खाली खाली जातं, आणि चाक धरत नाही. म्हणून प्रत्येक चाकाच्या मागचं बारीक निप्पल सैल करून तिथून हवा बाहेर काढायची. हे काम एकट्याचं नाही. एक जण केबिनमध्ये पेडलवर, दुसरा गाडीखाली निप्पलवर. मिस्त्रीकडे औषधाची एक काचेची शिशी होती आणि रबरी नळी. नळीचं एक टोक निप्पलला, दुसरं शिशीतल्या तेलात. बुडबुडे दिसले म्हणजे हवा निघते आहे. खालून त्याचा आवाज यायचा, "दाब…" मी पेडल दोन-चारदा मारून दाबायचो. "धर…" मी पाय तसाच रोवून ठेवायचो, तो निप्पल सैल करायचा, पेडल पायाखालून हळूहळू खाली जायचं. निप्पल आवळलं की, "सोड." दाब, धर, सोड. चार चाकं झाली, पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे यायचे, कमी व्हायचे, बंद व्हायचे. मिस्त्री म्हणायचा, "आता पाह्य." मी दाबून पाहायचो… पेडल चिखलात पाय पडावा तसं आत जायचं. दुसऱ्यांदा मारलं की वर यायचं, कडक लागायचं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा तेच. दुपारपर्यंत माझ्या पोटरीत गोळे आले. तो खालून त्याच संथ आवाजात, "दाब…", आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात.

संपूर्ण दिवस यात गेला. तेल कुठेही गळत नव्हतं, जमिनीवर थेंब नाही, आणि तरी हवा येत होती. कुठून येत होती? मिस्त्री गाडीखाली पडून नळ्यांना बोटं लावून पाहत होता. त्यानं मागची दोन्ही चाकं पुन्हा उघडली, बसवली. समोरचं उजवं उघडलं. रबरी होज बदलला. मास्टर सिलिंडर काढून टेबलावर खोलला, धुतला, परत बसवला. एक डावं चाक सोडून सगळं उघडलं. ते का नाही उघडलं? कारण मी म्हणालो होतो, सारं टाकलं. जत्रेला आता दोनच दिवस होते. घरी आई रोज विचारत होती, गाडी कव्हा येते, आणि शेजारणी शिदोरीचं ठरवत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा ड्रायव्हर बसलेले असताना माझा बांध फुटला. मी म्हणालो, "तुले जमत नसन तं सांगून दे ना गा! ब्रेकचा मिस्त्री म्हनून बोर्ड लावला आन साधी हवा निघून नाई राहिली. नेतो मी दुसऱ्याकडे." टपरीवर कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "मिस्त्री, आता पेडलले विनवन्या कर." मिस्त्रीनं कपातला चहा संपवला, कप उलटा ठेवला आणि म्हणाला, "तुमच्या रामाच्या भरवशावर नाई सोडत मी गाडी. चाळीस मानसं हाये." आणि पुन्हा गाडीखाली गेला. माझ्या गल्लीतल्या माणसाशी मी त्या आवाजात बोललो नसतो. हे तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेलो. चार दिवस कामावर घालत होतो ती तेलकट पँट बदलताना दुमडलेल्या पायातून काहीतरी खाटेवर पडलं. तेव्हा आम्ही पँटचे पाय खालून दुमडून शिवून घ्यायचो. पाहिलं तर बोटभर स्प्रिंग. नवी कोरी, चकचकीत. डाव्या चाकाच्या सिलिंडरमध्ये दोन रबरी कपांच्या मधे जिची जागा होती ती. कप दाबून धरायला तीच नव्हती, म्हणून दर वेळी पेडल सोडलं की त्या कपांच्या कडेनं हवा आत ओढली जात होती. बाहेर गळायचं काही कारणच नव्हतं. मी खाटेवर बसून राहिलो. सगळं एका क्षणात कळलं होतं आणि सोपं होतं. सकाळी जायचं, स्प्रिंग त्याच्या हातावर ठेवायची, चुकलो म्हणायचं. एक तासाचं काम. पण सकाळीच तर मी टपरीवर सगळ्यांसमोर त्याला त्याच्या बोर्डावरून टाकून बोललो होतो. आता त्याच लोकांसमोर हे कसं म्हणू? रात्री आई जेवायला वाढताना म्हणाली, "काहून रे, अन्नावर राग काढून राहिला?" मी तिच्यावरही खेकसलो.

सकाळी स्प्रिंग शर्टाच्या खिशात घालून मी शेडवर गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. पोचलो तर मिस्त्री आधीच गाडीखाली, आणि टपरीवर तीच माणसं. त्यानं पुन्हा एकदा चारही चाकांची हवा काढली. दाब, धर, सोड. मग बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते, कोपर सोलवटलं होतं. "पाह्य बरं आता," म्हणाला. मी दाबलं. पेडल मऊ होतं. कालच्याइतकंच. मी म्हणालो, "कडक हाय."

का म्हणालो याचा विचार मी अठरा वर्षं केला आहे. मला सुटायचं होतं, बस्. मनात हिशेब असा, की दोनदा पाय मारला की ब्रेक लागतोच. गाडी इथून काढावी, पलीकडे कुठेतरी आडोशाला चाक उघडून स्प्रिंग टाकावी, कोणाला कळायचं नाही. एक गोष्ट विसरलो. मिस्त्रीनं हात पुसले आणि तो शेडच्या मागे जाऊ लागला. रेघेकडे. मी केबिनमधून ओरडलो, "राहू दे ना मिस्त्री, उशीर होऊन राहिला." तो वळला नाही. जाऊन उभा राहिला. तोंड गाडीकडे, हात बाजूला, अंगठे रेघेला. मी तेव्हाही उतरू शकत होतो. गाडी चालू केली. दुसरा गिअर टाकला. खांब येण्याच्या कितीतरी आधीच मी पहिला पाय मारला, सोडला, दुसरा मारला… गाडी थांबली ती थेट रेघेवर. नाकाची जाळी आणि त्याची छाती यांच्यात एक वीतही नव्हती. तो हलला नव्हता. इंजिनाची गरम हवा त्याच्या तोंडावर येत होती आणि त्याच्या शर्टाच्या बाह्या फडफडत होत्या. तो खिडकीखाली आला आणि टपरीपर्यंत जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दोन डाव मारला तू पाय. तुहा खांदा दोनदा वर आला. एका दाबात थांबली पाह्यजे, वसंता."

गाडी परत शेडमध्ये घेतली. या वेळी तो थेट डाव्या चाकाकडे गेला. ड्रम काढला, सिलिंडर खोलला, दोन्ही कप तळहातावर घेतले. "स्प्रिंग नाई," म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला. पाहण्यात राग नव्हता. तो वाट पाहत होता. माझ्या खिशात ती स्प्रिंग होती, शर्टाच्या आतून टोचत होती. मी म्हणालो, "दुकानदारानं सामानात कमी देल्ली असन." त्यानं दोन्ही कप कपड्यावर ठेवले. मग म्हणाला, "असन." गोणपाटावर मांडलेल्या जुन्या नगांमधून त्यानं जुनी स्प्रिंग उचलली, धुतली, ताणून पाहिली, बसवली. तासाभरात पेडल दगडासारखं झालं. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, काय निघालं मिस्त्री? तो म्हणाला, "माह्याच हातून एक स्प्रिंग राह्यली होती." मी शेजारीच उभा होतो. लोक त्याला हसले, आणि मी चहा प्यायलो.

जत्रा छान झाली. रामटेकच्या उतारावर भरल्या गाडीत मी पाय ठेवला की गाडी जागच्या जागी नमायची. मागे बायका गाणी म्हणत होत्या. परतल्यावर आई म्हणाली, त्या मिस्त्रीले घरचा चिवडा नेऊन दे. मी नेऊन दिला. त्यानं घेतला, आईची चौकशी केली. पण रेघेपलीकडे, तो जिथे उभा राहायचा तिथे, डांबराचा एक रिकामा पिंप उभा होता. मी पाहिलं आणि काही विचारलं नाही. बाकीच्यांनी विचारलं. काहून गा मिस्त्री, आता उभा नाई राहत? तो सांगायचा, "गुडघा दुखते, पळता नाई यीन." लोकांना पटलं. पुढची अठरा वर्षं त्या पिंपासमोर गाड्या थांबल्या. काही पिंपाला लागल्याही. त्याला पोचे पडले होते.

मी त्यानंतर त्याला "सुखदेवभाऊ" म्हणायला लागलो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो पाना थांबवून किंचित हसला. माझ्या गाड्या वाढल्या, एकीच्या तीन झाल्या, ब्रेक सगळ्यांचे त्याच्याकडेच. भेटला की "बरा आहेस का" असं तो कधी विचारायचा नाही. विचारायचा, "तुह्या गाडीचं पेडल कसं हाय?" मी म्हणायचो, "कडक." अठरा वर्षं. तो टोमणा होता की नुसती सवय, मला आजवर कळलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, भांडता भांडता बोलून गेलो असतो. पण त्याच्या चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही, आणि मी चिडून घरी यायचो. कोणावर चिडलो ते बायकोला कधी सांगता आलं नाही. स्प्रिंग टेबलाच्या खणात, सुईदोऱ्याच्या डबीत पडून होती.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. तो आजारी होता, फुप्फुसांत पाणी झालं होतं. इंदोऱ्यातल्या घरी दाराशी खाट टाकून पडला होता, उशीला टेकून. मी स्प्रिंग खिशात घेऊन गेलो होतो. या वेळी सांगायचंच. वहिनी आत चहा करत होत्या, आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "सुखदेवभाऊ, एक गोष्ट सांगाची होती." तो म्हणाला, "सांग ना गा." मी खिशात हात घातला. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली, मोठी, थांबेना. वहिनी पाणी घेऊन धावत आल्या. शांत झाल्यावर डोळे मिटून म्हणाला, "पेडल कसं हाय?" आणि मी… "कडक," म्हणालो. खोकला नसता आला तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पाच आठवडे समजावतो आहे. खोटं आहे ते. खोकला आला म्हणून मला हायसं वाटलं होतं.

तो गेल्यावर आठवड्यानं वहिनींना भेटायला गेलो. शांतावहिनी बोलक्या नाहीत, पण त्या दिवशी बोलत होत्या. रेघेची गोष्ट निघाली. म्हणाल्या, "गुडघा कव्हाच नाई दुखला त्यायचा. लोकायले सांगाले होतं थे. मले म्हनत, शांता, आता कोनी कडक हाय म्हनलं तं मले भेव वाटते. म्हनून पिंप ठेवला." मग त्यांनी मला विचारलं, "कोनीतरी फसवलं असन त्यायले. तुमाले माहीत हाय का भाऊ, कोन होता थो?" दारात तीच खाट उभी करून ठेवली होती. मी म्हणालो, "नाई वहिनी."

म्हणून हे लिहितो आहे. बोलायला तोंड उघडत नाही, निदान हात चालतो. वहिनी, मिलिंद तुम्हाला हे वाचून दाखवेल. तो मी होतो. स्प्रिंग माझ्या पँटच्या पायात होती, चाक मी बसवलं होतं, पेडल मऊ होतं आणि मी कडक म्हणालो. तुमचा नवरा माझ्या शब्दावर गाडीसमोर उभा राहिला होता, आणि त्याला लोक हसले तेव्हा मी चहा पीत होतो.

परवा माझ्या एका गाडीचे ब्रेक झाले. शेड आता मिलिंद चालवतो. मामासारखाच हळू, मामासारखाच नग ओळीनं मांडतो. चुन्याची रेघ पुसट झाली होती, ती मी त्याला नवी ओढायला लावली. मग म्हटलं, पिंप बाजूला कर. "काहून काका?" म्हणाला. "मी उभा राहतो." त्याला ते आवडलं नाही, पण त्यानं पिंप लोटत नेला. गजानन केबिनमध्ये बसला होता. मी खिडकीखाली जाऊन विचारलं, "पेडल कडक हाय का?" तो लगेच म्हणाला, "हाय ना मालक, कडक हाय." मी रेघेकडे निघालो, आणि चार पावलांवर माझे पाय थांबले. हा माणूस मला भितो. मिलिंद सायकल धरून दारात उभा होता त्या दिवशी हाच माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता. हा मला काय सांगणार? मी परत आलो. म्हणालो, "गजानन, दाबून पाह्य अन् खरं सांग. मी ओरडनार नाई." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मिलिंदकडे पाहिलं. पुन्हा पेडल दाबलं. "थोडं नरम हाय मालक," म्हणाला. "दुसऱ्या डावाले कडक होते."

ओरडायला तोंड उघडलं होतं, सवयीनं. मिटलं. त्याला म्हटलं, "उतर खाली." तो उतरला, घाबरतच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः वर चढून बसलो. या वयात केबिनमध्ये चढताना गुडघा खरंच दुखतो. मिलिंद ती शिशी आणि नळी घेऊन गाडीखाली सरकला. तीच जुनी काचेची शिशी, अजून शाबूत आहे. हवा निघाली की मग रेघेवर उभा राहीन, घाई नाही. खालून त्याचा आवाज आला, मामाचाच, संथ, "दाबा काका…" मी दाबलं. "धरा…" मी पाय रोवला. पेडल पायाखालून हळूहळू खाली जात होतं, आणि मी धरून होतो.